कठड्याचं कुलूप

किल्लीकाका डोळे मिटून प्रार्थना करायचे, असं म्हटलं तर ते एका डोळ्यापुरतंच खरं. दुसरा उघडा असायचा. मागे चर्चचं दार जरा कुरकुरलं की यांची मान वळलीच: कोण आलं, उशीर का झाला, पिशवीत काय आहे. काकू शेजारून कोपराने ढोसायच्या. मग काका पुढे बघायचे, पण कान मागेच ठेवायचे.

धंदाच तसा होता त्यांचा. कुलपं दुरुस्त करायची, हरवलेल्या किल्ल्यांच्या जागी नव्या करून द्यायच्या. उभं आयुष्य लोकांच्या बंद दारांसमोर उकिडवं बसण्यात गेलं, आणि ज्याने बोलावलं त्याच्यावरच पहिला संशय: हे घर खरंच याचं कशावरून? एकदा एका नवऱ्यामुलाला त्यांनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो खिडकीतून दाखवायला लावला, तेव्हा कुठे दाराला हात लावला. त्याची नवी नवरी आजही त्यांना रस्त्यात बघून तोंड फिरवते.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा सैन्यात गेला आणि पेटीतून परत आला. रस्त्यात पेरलेल्या सुरुंगावरून त्यांची गाडी गेली होती. झाकण स्क्रूंनी घट्ट बसवलेलं, वर झेंडा, आणि सोबत आलेल्या अधिकाऱ्याने हलक्या आवाजात सांगितलं, उघडू नका. चर्चमागच्या दफनभूमीत त्याला ठेवलं. काकांनी कबरीभोवती स्वतःच्या हाताने लोखंडी कठडा घातला, त्याला छोटं फाटक केलं आणि फाटकाला आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कुलूप लावलं. कबरीला कुलूप! लोक आडून हसले. समोर हसायची कोणाची छाती नव्हती. एक किल्ली काकांच्या खिशात, दुसरी घरी खिळ्यावर.

दर रविवारी उपासना झाली की काका फाटक उघडायचे, गवत काढायचे, दगडावरचं नाव पुसायचे आणि पुन्हा कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायचे. एका रविवारी फाटक उघडलं, तर आत जॅमच्या बाटलीत ताजी फुलं. कुलूप मात्र जसंच्या तसं बंद. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

गंमत म्हणजे फुलं डोक्याशी, नावाजवळ नव्हती. पायाशी होती, अगदी कोपऱ्यात, जणू ठेवणाऱ्याला अंग चोरूनच ठेवायची होती. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. काकांनी आधी कबरी खणणाऱ्याला धरलं. तो म्हणाला, "काका, मला खणायचे पैसे मिळतात, फुलांचे नाही." मग बसस्टँडजवळच्या दुसऱ्या कुलूपवाल्यावर संशय गेला, कारण काकांचं कुलूप उघडण्याची अक्कल या गावात असली तर त्यालाच. पण तो फुलं कशाला ठेवेल? शेवटी काका तणतणत चर्चच्या पाळकांकडे गेले.

पाळक वयाने लहान होते, काकांना जरा भिऊनच असायचे. "फुलंच आहेत ना काका? कोणीतरी आठवण काढतंय."

"माझ्या मुलाची आठवण काढायला मी आहे. हा कोण चोरून येणारा?"

"प्रभू येशूच्या थडग्यालाही शिक्का मारला होता, काका. पहारा बसवला होता. काय उपयोग झाला? तिसऱ्या दिवशी थडगं उघडंच."

"पहारेकरी झोपले असतील," काका म्हणाले. "मी झोपत नाही."

हे मात्र खरं होतं. ते खरंच झोपत नसत, आणि का, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी काकांनी कुलूपच काढून दुकानात नेलं. भिंग लावून बघितलं: आत ओरखडा नाही, तार घातल्याची खूण नाही. किल्लीनेच उघडलेलं. मग त्यांनी ते नाकाला लावलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काका कुलपाला कधी तेल घालत नाहीत. तेलाने धूळ धरते, म्हणून शिसपेन्सिलीची पूड घालतात. या कुलपाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. तसली तेलाची कुपी त्यांच्या घरी मशीनच्या खणात होती, आणि मशीन होतं काकूंचं.

काका काकूंना काही बोलले नाहीत. कुलूप परत लावून आले. आठवडाभर बायकोच्या हातचं मुकाट्याने जेवले आणि मनात नको नको ते विचार करत राहिले. मुलाने गुपचूप लग्न केलं होतं का? कुठे नातवंड वाढतंय का? हिने आपल्यापासून काय काय लपवलंय? शनिवारी काकू बाजाराची पिशवी घेऊन निघाल्या. काकांनी दुकानाचं शटर ओढलं आणि लांबून मागे निघाले. काकू बाजाराकडे वळल्याच नाहीत.

कठड्याचं फाटक उघडं होतं. आत पायाशी एक बाई जमिनीवर बसली होती, काकूंच्याच वयाची, बोटं संधिवाताने वाकडी झालेली. काकू तिला थर्मासमधला चहा ओतून देत होत्या. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण ही? आणि किल्ली कोणाला विचारून आणलीस?"

बाई धडपडत उठायला लागली. काकूंनी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. "बसा तुम्ही. अहो, यांचा मुलगा त्याच गाडीत होता. आपल्याकडे पेटी तरी आली. यांच्याकडे नुसतं पत्र आलं."

"मग इथे काय आहे यांचं?"

बाईने मान वर केली. आवाजात भांडण नव्हतं. "भाऊ, एक विचारू? तुम्ही पेटी उघडून बघितली होती का?"

काका कठड्याला धरून उभे राहिले. त्या दिवशी पेटी चर्चच्या बाजूच्या खोलीत ठेवली होती आणि थोडा वेळ ते तिच्याजवळ एकटेच होते. कोटाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. त्यांनी तो एका स्क्रूच्या खाचेत लावलासुद्धा. गावातलं एकही कुलूप ज्यांच्यापुढे टिकलं नाही, त्या माणसाचा हात तिथे फिरेना. आत दुसराच कोणी निघाला तर? आणि आपलाच निघाला तर? त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला, आणि तेव्हापासून त्यांची झोप गेली.

"नाही," ते म्हणाले.

"मीही बघितलं नाही," बाई म्हणाली. "तुमचाच असेल हो. नाव तुमच्याच मुलाचं आहे, म्हणून मी पायाशी बसते. पण मला बसायला दुसरीकडे जागाच नाही."

काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही रात्रभर छताकडे बघत पडता ते मला कळत नाही होय? तुम्हाला सांगितलं असतं तर यांना हाकलून दिलं असतंत. कुलूप घट्ट होतं, यांच्या हाताने किल्ली फिरेना, म्हणून तेल घातलं."

काका करवादले, "तेल नाही घालायचं त्याला. धूळ धरते." आणि बाईला तिच्या मुलाचं नाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी सैनिकांच्या स्मरणाचा रविवार होता. त्या दिवशी चर्चमध्ये सैन्यातल्यासारखी हजेरी होते. पाळक एकेका मेलेल्या सैनिकाचं नाव पुकारतात आणि घरचं माणूस उठून म्हणतं, "प्रभूपाशी हजर." काकांच्या घरचं उत्तर दरवर्षी काकूच द्यायच्या. काकांचं तोंड उघडत नसे. कोण कुठे आहे हे ज्याला आपल्या डोळ्यांनी बघता आलं नाही, त्याने हजर म्हणायचं कशाच्या जोरावर?

मुलाचं नाव पुकारलं गेलं. काकू उठायला लागल्या, तोच काका उठले.

"प्रभूपाशी हजर," ते म्हणाले. आवाज फाटला, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

पाळकांनी पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं. काका खाली बसले नव्हते. हजेरीत नसलेलं, कालच विचारून घेतलेलं एक नाव त्यांनी स्वतःच मोठ्याने पुकारलं. चर्चमध्ये सगळे चपापले. पाळक थांबून राहिले.

मागे दार कुरकुरलं. मग एका बाईचा आवाज आला, "प्रभूपाशी हजर."

सगळ्यांनी वळून बघितलं. एकट्या किल्लीकाकांनी बघितलं नाही. ते खाली बसले आणि त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.