मोत्याच्या वंशाचे डॉक्टर

डॉ. निंबाजीराव महाजन यांची आणि माझी ओळख एका कुत्र्यामुळे झाली, आणि गेली वीसेक वर्षे ती कुत्र्यांमुळेच टिकली. मी तेव्हा शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. लोधीपुऱ्यातल्या घरी मी एकटी आणि माझा मोती. पांढराशुभ्र, दोन वर्षांचा पामेरियन. रेबीजची सुई द्यायला म्हणून त्याला रिक्षात घालून डॉक्टरांच्या दवाखान्यात नेले. दारात दोन म्हशी, एक बैल आणि केळीच्या मळ्यातून थेट आलेली चार माणसे. डॉक्टर बैलाच्या खुरातला खडा काढत म्हणाले, "बसा बाई. या पाहुण्याला आधी मोकळं करतो."

मोती टेबलावर ठेवला. सुई टोचली तरी हूं की चूं नाही. पामेरियन म्हणजे घरभर भुंकणारे, दार उघडे दिसले की गल्लीत पसार होणारे जनावर. हा तसा नव्हता. मी कौतुकाने सांगितले की दिवेलागणीनंतर हा उंबरासुद्धा ओलांडत नाही, नुसता माझ्या पायाला चिकटून असतो. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा तर एकदम गऊ आहे! याची पिल्लं व्हायला पाहिजेत."

आमच्या बऱ्हाणपुरात जो कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याला गऊ म्हणतात. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र इथे माणसालाही मिळत नाही, तर कुत्र्याची काय कथा! डॉक्टरांचा सारा जन्म बैल पाहण्यात गेलेला. मारका बैल बाजूला काढायचा आणि शांत बैल वंशाला ठेवायचा, ही त्यांची रीत. तीच त्यांनी मोत्याला लावली. त्यांच्या दवाखान्यात पामेरियनची एक वही होती. कोणाकडे नर, कोणाकडे मादी, पिल्ले कोणाला हवीत, एवढेच त्यात असे. त्या वहीत मोत्याच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, 'गऊ'.

हा गौरवग्रंथ आहे याची मला कल्पना आहे. समितीच्या मंडळींनी मला गोड शब्दांत सांगितले आहे की, बाई, चांगले चांगले लिहा. पण डॉक्टरांची अट वेगळी आहे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या षष्ट्यब्दीला याच मंडळींनी सत्कार ठरवला होता आणि डॉक्टरांनी तो साफ नाकारला होता. "मोत्याच्या वंशातलं एखादं कुत्रं दिवेलागणीला धडपणे दाराबाहेर पळालेलं मला दाखवा. मग घाला हार," असे ते म्हणाले होते. लोकांना ते तऱ्हेवाईकपणाचे वाटले. या वर्षी हार घ्यायला ते तयार झाले, तेही मोत्याची हकिगत ग्रंथात छापली जाईल या बोलीवर. म्हणून लिहिते आहे. लिहायचा उत्साह आहे असे मात्र नाही. या हकिगतीने आम्हा दोघांनाही पुरते दमवले आहे.

मोत्याला मागण्या येऊ लागल्या. आपल्याकडे नराच्या मालकाला प्रत्येक वेतातले एक पिल्लू द्यायची चाल आहे. मला मिळालेली पिल्ले मी भाचीला, नणंदेला, शाळेतल्या सहकाऱ्यांना देत गेले. मोत्याचे पिल्लू म्हणजे गऊच असणार, अशी ख्याती झाली. इच्छापूरपासून असीरगडपर्यंत ती पिल्ले पसरली. पुढे त्यांचीही आपसात लग्ने लागली. त्यातल्या कुणाला आणखी गऊ पिल्लू हवे म्हणून मोत्याच्या लेकी परत मोत्याकडेच आणल्या गेल्या. स्वतःच्या घरात सात पिढ्यांचे गोत्र पाहणाऱ्या आम्हा लोकांनी कुत्र्यांच्या बाबतीत एवढेही पाहिले नाही. मी तर अनुवंशाचा धडा दरवर्षी फळ्यावर शिकवत होते. वाटाण्याचे ते तक्ते आजही मला झोपेत काढता येतील.

तीन-चार वर्षांनी इच्छापूरचे सुकदेव आप्पा आपले कुत्रे घेऊन डॉक्टरांकडे आले. केळीचा मळा राखणारे हे म्हातारे गृहस्थ. त्यांचे कुत्रे संध्याकाळी पाण्याच्या हौदात पडले होते.

"डॉक्टरसाहेब, मले तं वाटते याले कोनाची नजर लागली. मीठ-मिरची ओवाळली, काई फरक नाई."

डॉक्टरांनी डोळ्यांत औषध टाकून, खोलीत अंधार करून, यंत्रातून बराच वेळ पाहिले. मग हळूच म्हणाले, "आप्पा, नजर लागली नाही. नजर गेली."

त्याच आठवड्यात अशी आणखी दोन कुत्री आली. डॉक्टरांनी वही उघडली. तिन्हींच्या मागे, आईच्याही अंगाने आणि बापाच्याही अंगाने, एकच नाव निघाले.

त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी डॉक्टर माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले. अंगणातला दिवा मालवला, मधोमध एक बादली पालथी घातली आणि मला पलीकडे उभे राहून मोत्याला हाक मारायला सांगितले. मोती माझ्या आवाजाच्या रोखाने आला आणि बादलीवर आदळला. उठला, पुन्हा आला, पुन्हा आदळला. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे पाहिले. आतून नको तेवढे चमकत होते. दिवसाही त्याला फारसे दिसत नसणार, घर पाठ होते म्हणून निभावत होते, असे त्यांनी सांगितले.

म्हणजे संध्याकाळी तो उंबरा ओलांडत नव्हता, कारण त्याला उंबऱ्यापलीकडचे दिसत नव्हते. इतकी वर्षे मी समजत होते की तो माझ्यावरच्या मायेने पायाला चिकटून चालतो. तो माझा पाय धरून वाट काढत होता. मी अंगणात बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले, "माया नव्हती असं नाही, बाई. पण दिसतही नव्हतं." मग बॅटरी विझवून म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही तर नुसतं कौतुक केलं होतं. वहीत मी लिहिलं."

मी पुष्कळ माणसे पाहिली आहेत. चूक झाल्यावर माणूस दैवाला बोल लावतो, नाहीतर दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. डॉक्टरांनी यातले काहीच केले नाही. दुसऱ्या दिवसापासून, रोजचा दवाखाना आटोपल्यावर, ते वही घेऊन घरोघरी निघाले. ओझे माझेही होते म्हणून मी मागे गेले. त्यांची जुनी स्कूटर, मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर वही.

दाराशी उभे राहून डॉक्टर काय सांगत, ते मला आता तोंडपाठ आहे. हा दोष एकाच बाजूने आला तर पिल्लात झोपून राहतो. ते पिल्लू चांगले पाहते, पण दोष पुढे देऊ शकते. आई आणि बाप दोघांकडून आला की तो जागा होतो. आधी संध्याकाळचे दिसेनासे होते, मग दिवसाचे. औषध नाही. म्हणून ज्याच्यात दोष जागा झाला त्याची पिल्ले करायची नाहीत. ज्याच्यात झोपलेला आहे त्याला पूर्ण निर्दोष जोडीदारच द्यायचा, आणि होणारे प्रत्येक पिल्लू तपासायचे. पुढे गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून तो बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवायची सोय झाली, तेव्हा हे काम थोडे सोपे झाले. त्याआधी डॉक्टरांची पालथी बादलीच आमची प्रयोगशाळा होती.

लोक काय म्हणत? कुणी हसत. कुणी दार लावून घेत. असीरगडच्या पायथ्याशी एका बाईंची आंधळी झालेली कुत्री होती. तिला पिल्ले होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून घ्या, असे सांगायला आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला त्या खवळल्या. "मुक्या जिवाची कूस कायले उजाड करता? पाप लागंल तुमाले!" डॉक्टर म्हणाले, "लागू द्या. आधीचं फेडतोच आहे, त्यात एवढं मिळवतो." चौथ्या खेपेला बाई स्वतःच कुत्री घेऊन दवाखान्यात आल्या, आणि डॉक्टरांसाठी वांगी घेऊन आल्या.

माझी स्वतःची भाची वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या मुलाने तर तोंडावर सुनावले, "नानी, पहिले तुम्हीच गिफ्ट दिलं, आता तुम्हीच डिफेक्टिव्ह बोलता!" त्याचे काय चुकले?

एक भांडण आमच्या दोघांतही झाले. मोती गेला त्या सुमाराची गोष्ट. मी इतकी कंटाळले होते की डॉक्टरांना म्हणाले, आता पुरे. ज्याच्यात मोत्याचा थेंब आहे त्या सगळ्यांची ऑपरेशने करून टाका, वंशच संपवा. डॉक्टर मोठ्याने बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "बाई, तुम्ही मुलांना हेच शिकवलंत? सगळी बाद केली तर राहतील चार कुत्री. ती आपसातच लागतील, आणि त्यांच्यात झोपलेलं दुसरंच काहीतरी उठेल. दोष मारायचा आहे, मोत्याला नाही मारायचा." पुढच्याच महिन्यात त्यांनी भुसावळहून एक तपासलेला नर आणवला, निराळ्या रक्ताचा. प्रवासभर तो भुंकला, स्टेशनवर हमालाला चावला. डॉक्टरांना तो फार आवडला.

त्यांच्या मायेबद्दलही लिहायला हवे. सुकदेव आप्पांचे कुत्रे पुरते आंधळे झाले, तेव्हा घरचे म्हणू लागले की सोडून या कुठेतरी. डॉक्टर स्वतः इच्छापूरला गेले. आप्पांना बसवून सांगितले की खाट, रांजण, काही जागचे हलवू नका, ते घर पाठ करील. मग खिशातून एक घुंगरू काढले आणि आप्पांच्या चपलेला बांधले, म्हणजे धनी कुठे चालला ते त्याला ऐकू येईल. गावात चेष्टा झाली. "आप्पा, या वयात पायात घुंगरू? तमाशाच्या बारीवर नाचाले चालले का?" आप्पा म्हणत, "मह्या कुत्र्यासाटी नाचतो, तुह्या बापाचं काय जाते?" ते कुत्रे पुढे कितीतरी वर्षे त्या घुंगरामागे केळीच्या बागेत फिरले. आप्पा वारले तेव्हा डॉक्टरांनी ती चप्पल मागून आणली. ती त्यांच्या कपाटात आहे. मी पाहिली आहे.

वर्षे गेली. मी निवृत्त झाले, डॉक्टरांचे गुडघे गेले, स्कूटर विकली. वही दोनदा नव्याने उतरवली. दोन्ही वेळा मी 'गऊ' हा शब्द गाळू पाहिला. दोन्ही वेळा डॉक्टरांनी तो पुन्हा लिहून घेतला. "राहू द्या," म्हणाले, "पुढचा डॉक्टर वाचील." आम्ही सारा तालुका सुधारला असे कृपया कुणी भाषणात सांगू नये. बाहेरून पिल्ले आजही येतात, कागद न पाहता विकली जातात, आणि कधीमधी एखादे कुत्रे संध्याकाळी भिंतीवर आदळलेले कानावर येते. डॉक्टर तेव्हा काठी उचलतात आणि मला फोन करतात.

आता शेवटचे. आमच्या शेजारच्या गीतावहिनींकडे चिंगी आहे, मोत्याची दूरची नात. तिच्या आईबापांत दोष नव्हता, तिच्यात नाही, झोपलेलासुद्धा नाही. कागद ती पिल्लू असतानाच आला होता. मी म्हणाले, झाले, आता घ्या हार. डॉक्टर म्हणाले, मोती दोन वर्षांचा होता तेव्हा आपण फसलो, तर हीही दोन वर्षांची होऊ द्या. दोन वर्षे थांबले ते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस, एका कुत्रीची संध्याकाळ पाहण्यासाठी.

गेल्या महिन्यात एकदा दिवे लागायच्या वेळी ते वहिनींच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. दिवा मालवला. मी त्याच जुन्या बादलीसह चार-पाच भांडी पालथी मांडली. चिंगीला सोडले. ती एकाही भांड्याला शिवली नाही. दार किंचित उघडे होते. डॉक्टरांच्या काठीवरून उडी मारून, उंबरा ओलांडून, गल्लीतल्या मांजरामागे ती सुसाट गेली.

"अगं ए द्वाड कुठली! गेली पाहा, गेली!" गीतावहिनी ओरडत मागे धावल्या.

डॉक्टर गुडघे विसरून उठले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. गल्लीच्या टोकाला पांढरा ठिपका वळला तरी ते पाहतच होते. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाले, "बाई, वही काढा. हिच्यापुढे लिहा."

"काय लिहू?"

"वहिनी म्हणाल्या तेच. द्वाड."

मी लिहिले. माझे अक्षर वाकडे आले आहे.

समितीच्या पत्रकात छापले आहे की डॉक्टर स्वभावाने अगदी गऊ आहेत. मंडळींनी तो शब्द कृपा करून बदलावा. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी, आणि ज्यांना लिहिता येत नाही ती लोधीपुऱ्यापासून इच्छापूरपर्यंतची सगळी पांढरी कुत्री, ईश्वरापाशी इतकेच मागतो: आमच्या डॉक्टरांना उदंड, निरोगी आणि द्वाड आयुष्य लाभो.