प्रोसेसरचा पंखा, बाबांचं मशीन आणि माझा हट्ट

तुळशीचं लग्न लागलं की भिलाईत माझा सीझन सुरू होतो. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते… वैशाली नगरमधल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर. गेल्या आठवड्यात त्या टेबलावरून घरात चांगलीच ठिणगी पडली.

कारण कॉम्प्युटर. रेंडर लावलं, म्हणजे सगळे तुकडे जोडून फायनल व्हिडिओ बनवायला दिला, की प्रोसेसर तापतो आणि त्याच्यावरचा छोटा पंखा अंगात आल्यासारखा ओरडायला लागतो. कोणीतरी मिक्सर चालू ठेवून बाजारात गेलंय असं वाटतं.

माझ्या कानावर हेडफोन असतात. बाबांच्या कानात ऐकायचं मशीन असतं… स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर वयानं ऐकू कमी यायला लागलं, म्हणून घेतलेलं. ते मशीन माणसाचा आवाज मोठा करतं, तसा पंख्याचाही करतं.

मग बाबा मशीन काढून खिशात टाकायचे आणि मागच्या खोलीत जाऊन बसायचे. जेवायला बोलवायचं तर जाऊन खांद्याला हात लावावा लागायचा.

त्या दिवशी आईने त्यांना मशीन कानात घालायला लावून विचारलं, "तुमी हॉलमधी कावून बसत नाही?"

"डोक्यात भुंगा फिरते," बाबा म्हणाले. "तिचं काम होऊ दे. मी इथं बरा आहो."

इतकं साधं बोलले… तक्रारसुद्धा नाही. मला त्याचाच राग आला.

रायपूरला असलेल्या दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, "आवाजाची सवय होते ना. नाही तर कॉम्प्युटर गच्चीवरच्या खोलीत टाक." पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तिथे पापड भाजून निघतील… मी स्पष्ट सांगितलं, बाबांनी सवय करायची नाही आणि मीही वर जायचं नाही. जायचं ते पंख्याने.

दोन-तीन दिवस नुसतं वाचत बसले. कळलं ते सोपं होतं. छोटा पंखा पुरेशी हवा ढकलायला जिवाच्या आकांताने पळतो, मोठा सावकाश फिरला तरी भागतं. म्हणून मला पाहिजे होता प्रोसेसरवर बसणारा कूलर… पातळ पत्र्यांचा उंच टॉवर, मधून तांब्याच्या नळ्या आणि एक मोठा, संथ पंखा.

निघताना आई म्हणाली, "थंडी पडून राहिली अन् तू कूलर कायले आणून राहिली? खिडकीत आहे ना एक." तिला समजावेपर्यंत अर्धा तास गेला…

सुपेल्याच्या बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला मात्र समजावताच आलं नाही. "मैडम, आजकल एयर कूलर कौन लेता है? लिक्विड लीजिए, लाइट भी आती है."

"लाइट नहीं चाहिए भैया. आवाज़ नहीं चाहिए."

"ये भिलाई है, मई में क्या करेंगी?" मी सांगितलं की पाणी फिरवणाऱ्या पंपाचाही एक बारीक आवाज असतो आणि मला तोही नको आहे. तो हसला. "घर से भैया को भेज दीजिए, हम उनको समझा देंगे."

"भैया को मैं समझाती हूँ," मी म्हटलं. "वो ऊपर वाला डिब्बा निकालिए."

त्याने डब्बा काढला, पण बजावलं… फिट नाही झाला तर परत घेणार नाही.

आणि घरी आल्यावर तो खरंच बसेना. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट, उष्णता कूलरकडे नेणारी, पुसली, नवी लावली, टॉवर नीट कसला… पण पंखा शेजारच्या रॅमच्या पट्टीवर अडत होता. वर सरकवला तर कॅबिनेटचं झाकण लागेना.

"दादाले फोन लावू का?" आईने हळूच विचारलं.

"नको."

मी चहा प्यायले आणि परत समोर बसले. आणि एकदम लक्षात आलं… पंखा पुढूनच हवा ढकलायला पाहिजे असं कोणी सांगितलंय? तो मागच्या बाजूने ओढूही शकतो. तारेच्या क्लिपा काढल्या, पंखा टॉवरच्या मागे लावला. झाकण बसलं.

सगळ्यात जड रेंडर लावलं. तापमान चढलं आणि एका जागी थांबलं… मे महिन्यासाठीही जागा शिल्लक ठेवून. पंखा फिरतोय की नाही हे बघायला मला वाकून कान लावावा लागला.

मग मागच्या खोलीत गेले. बाबांच्या खांद्याला हात लावला आणि खुणेनेच सांगितलं, मशीन घाला, हॉलमध्ये चला. त्यांनी जरा भीतभीतच मशीन कानात घातलं आणि दिवाणावर येऊन बसले.

"बंद आहे काय?"

"चालू आहे बाबा. पूर्ण जोरात."

त्यांचा विश्वास बसेना. मी हेडफोन काढून स्पीकर लावला. हळदीचा सीन होता, बाया गात होत्या. बाबा पुढे सरकले… मान एका बाजूला कलती केली.

"ह्या बाया भंडाऱ्याकडच्या आहेत. आपल्या तिकडच्या." थोड्या वेळाने म्हणाले, "तू असं काम करते? मले वाटे, नुसते फोटो जोडते."

इतकी वर्षं मी त्याच घरात काम करत होते आणि बाबांनी माझं काम कधी ऐकलंच नव्हतं.

त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "इथं गाणं मधातच कापलं तू. त्यायले पूर्ण गाऊ दे."

मी कापलेला तुकडा परत जोडला. ते गाणं आता त्या व्हिडिओत पूर्ण आहे.

ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. पण जो आवाज घरातल्या एका माणसाला उठवून मागच्या खोलीत पाठवतो, त्याची सवय करायची नसते… त्याला घालवायचं असतं.

कॉम्प्युटर हॉलमध्येच आहे. बाबाही.