डांबराची कड

कुरखेड्याच्या बाजाराजवळ नूर मोहम्मद यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायची त्यांना खोड होती.

१९९७च्या पावसाळ्यानंतर एका गोष्टीने त्यांना बेचैन केलं. चार किलोमीटरवरच्या एकाच गावातून शाळेला येणाऱ्या मुलींच्या सायकलींचं पुढचंच चाक वाकत होतं. आउट काढून, म्हणजे तारा आवळून चाक सरळ करून दिलं, तरी पंधरा दिवसांत ते पुन्हा डुलायला लागे. आठवीतली दिव्यानी तिसऱ्यांदा आली, तेव्हा पाना बाजूला ठेवून त्यांनी तिला चाक कशाने वाकतं ते विचारलं.

"ट्रक आला का आमी डांबरावरून खाली उतरतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून नूरभाऊ त्या रस्त्याने निघाले. लाकडांचा ट्रक आला, ते बाजूला झाले आणि सायकलीसकट आपटले. कोपर सोलून निघालं. पण उठल्यावर त्यांनी आधी डांबराची कड मोजली. पाऊण वीत उंच. बाजूचा मुरूम वाहून गेला होता, आणि खाली उतरताना पुढचं चाक आधी आदळत होतं. संध्याकाळपर्यंत अशा एकवीस जागांवर त्यांनी खडूने खुणा केल्या आणि घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला.

तो घेऊन ते रस्त्याच्या खात्यातल्या साहेबांकडे गेले. साहेबांनी नकाशा नीट पाहिला आणि मुरूम मंजूर व्हायला वेळ लागेल म्हणाले. परतताना नूरभाऊंना दिसलं, की बहुतेक खुणा एका वळणावर आहेत, आणि ते वळण टाळून शाळेच्या मागे निघणारा एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, आहे. तो वारलूभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा होता.

सायकलींनी धुरा खचेल, पाणी फुटेल, म्हणून वारलूभाऊंनी साफ नकार दिला. नूरभाऊंनी वाद घातला नाही. धुरा किती रुंद असला म्हणजे टिकतो, पाणी कोणत्या बाजूने दाबतं, असं तिथेच बसून विचारत राहिले. वारलूभाऊ आधी वैतागले, मग रंगून सांगू लागले.

"दोन हात रुंद करून द्या, मंग जाऊ द्या पोरींले," ते शेवटी म्हणाले. "पन रोवणीच्या दिवसात नाई."

उन्हाळ्यात मुलींच्या घरच्यांनी माती टाकली. समोरून सायकल आली तर थांबता यावं, म्हणून नूरभाऊंनी मध्ये दोन जागा जास्त रुंद करवल्या. रस्त्यावर मुरूम पडला तो दोन वर्षांनी, तोही वळणापुरता.

दहावीत गेलेल्या दिव्यानीने एकदा विचारलं, "नूरभाऊ, तुमी इंजिनिअर काऊन नाई झाले?"

आपण चौथीच शिकलो, असं त्यांनी सांगितलं. मग वळणाचं माप कसं काढतात, ते तुमच्या भूमितीत आहे का, असं तिलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी ती कंपासपेटी घेऊन दुकानात आली.