डाळिंबाची ओटी

वन्सं गेल्या तेव्हा त्यांच्या पायात बूट होते. सकाळी त्यांच्या सुनेचा, स्वातीचा फोन आला. "मामी, आत्या फिरून आल्या, पडवीत टेकल्या, मी पाणी आणायला आत गेले आन्..." सासूला ती आत्या म्हणायची. मी बारामतीहून शेळगावला पोचेपर्यंत वन्संना घरात घेऊन निजवलं होतं आणि कुणीतरी ते बूट काढून पायरीखाली ठेवले होते. टाचा एका बाजूने झिजलेले, नाडीला लाल माती लागलेली. सहासष्टाव्या वर्षी रोजचं चालणं पुरं करून, कुणाला उठवायला न लावता बाई गेली. रडायला आलं हे खरं, पण त्या बुटांकडे बघून आधी वाटला तो अभिमान.

विमल ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या लग्नापासून मी तिला वन्संच म्हणत आले आणि ती मला वहिनी. माझा नवरा चार वर्षांपूर्वी गेला, त्यानंतर नात्याचा दुवा तसा तुटला होता. पण आम्हा दोघींना त्याची फारशी गरज कधीच पडली नव्हती. मी बारामतीत कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, वन्सं बावड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. चौतिसाव्या वर्षी विधवा झाल्या, मुलगा दत्ता तेव्हा लहान. वाड्यावस्त्यांवर पायी फिरून त्यांनी बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले, सुया टोचल्या. घराच्या दाराशी एका खुंटीवर त्यांची बाळंतपणाची पिशवी कायम भरलेली असायची. हाक आली की पिशवी काढायची आणि चालू लागायचं. इंदापूर तालुक्यातल्या निम्म्या तरण्या पोरांनी या जगात पहिल्यांदा पाहिलेला चेहरा वन्संचा असावा, असं मी एकदा म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून तर पोरं रडत्यात."

दहाव्याला भाषणं झाली. आपल्याकडे माणूस गेलं की माइक लागतोच. एका पुढाऱ्याने वन्संच्या "युरोप खंडाच्या अभ्यासदौऱ्याचा" गौरव केला, दुसऱ्याने त्यांना मातृशक्ती म्हटलं, तिसऱ्याला त्यांचं नाव आठवेना म्हणून त्याने "कैलासवासी मातोश्री" यावर भागवलं. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "विमल असती तर ह्यांचं बीपी बघितलं असतं." मला वाटतं, त्या दिवसाचं तेवढंच खरं भाषण.

तो अभ्यासदौरा कसा घडला ते सांगायला हवं. माझी मुलगी ऋता म्युनिकला असते. तिच्या बाळंतपणाला मी जायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. मी पलंगावर, आणि माझ्याऐवजी वन्संनी विमानात बसायचं ठरवलं. बाळंतपणाइतक्या हक्काने त्यांना दुसरं कुठलं काम येत होतं... बाळ झालं, दोन महिन्यांत आई-बाळ ठणठणीत झाली. व्हिसाचे थोडे दिवस उरले होते. तेव्हा वन्सं ऋताला म्हणाल्या, "मला समुद्र बघायचाय. नुसता उभं राहून न्हाय, कडंकडंनं चालायचाय." ऋताच्या नवऱ्याने आपली पाठीवरची सॅक दिली, क्रोएशियाचं बसचं तिकीट काढून दिलं. शेळगावात दत्ताला हे कळलं तेव्हा त्याने आधी ऋताला फोन केला, मग मला. आई एकटी, परक्या मुलखात, पाठीला पोतं लावून फिरणार, लोक काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न. मी म्हटलं, लोकांना विचारून बघ आणि मला कळव. त्याने काही कळवलं नाही.

बसमध्ये शेजारी पोलंडची एक बाई होती, बार्बारा. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, आणि घाटात दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसलं की मळमळणारी. वन्संनी तिला आवळकाठी चघळायला दिली आणि तिचा हात हातात धरून बसून राहिल्या. झादर नावाच्या गावी दोघी एकत्र उतरल्या. तिथे समुद्राकाठच्या पायऱ्यांखाली नळ बसवलेत. लाट आत शिरली की पायऱ्या वाजतात. जगभरचे लोक तिथे डोळे मिटून बसतात म्हणे. वन्संचं मत, "बासरी शिकणारं पोर एकच सूर धरून बसतंय ना, तसं हाय. पण समुद्राला कोण गप बस म्हणणार?"

धर्मशाळेसारखी एक राहायची जागा होती, खोलीत वरखाली पलंग आणि स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एक. तिथे त्यांनी पिठलं टाकलं. त्या वासावर इनेस नावाची पोर्तुगालची मुलगी येऊन उभी राहिली. पाच महिन्यांची गरोदर, एकटी फिरणारी. बाळ झाल्यावर फिरणं होणार नाही म्हणून आधीच निघालेली. बाळाचा बाप कुठे, हे बार्बाराने विचारलं. वन्संनी विचारलं, "आयर्न टॅब्लेट?" इनेसने गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं, आणि मैत्री झाली. वन्संचं इंग्रजी दवाखान्यापुरतं होतं. पेन, स्लीप, वॉटर, व्हॉमिटिंग, नॉर्मल. त्या म्हणायच्या, बायकांना तेवढं पुरतं.

मग तिघी किनाऱ्याने खाली निघाल्या. कधी बस, कधी बोट, बाकी पायी. इनेसने ओझं उचलायचं नाही असा वन्संचा हुकूम, म्हणून स्वतःची सॅक पाठीवर आणि तिची पोटावर. सहावारी साडी वर खोचलेली, पायात हे बूट. ऋताने दिलेल्या फोनवर त्यांनी काढलेले फोटो मी पाहिले आहेत. किल्ल्यांचे, राजवाड्यांचे फोटो जवळजवळ नाहीतच. अंजिराची झाडं आहेत, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आहेत, माळावर दगड वेचून रचलेले बांध आहेत. "वहिनी, एवढ्या लांब जाऊन दगडंच बघितली," असं त्या सांगत, "आपल्या माळागत. ह्यांनी बी आदी दगडं काढली, मग पेरलं." समुद्र कसा वाटला विचारलं तर उत्तर ठरलेलं. "उजनी धरणागत हाय. फकस्त पल्याडचं गाव दिसत न्हाय." एका बेटावर गडाच्या चढणीला बार्बारा मध्येच खाली बसली, तेव्हा वन्संनी तिची नाडी पाहिली, पाणी पाजलं, आणि तिची पिशवीही खांद्याला अडकवून वर गेल्या. तो फोटो इनेसने काढला आहे. तीन ओझी अंगावर घेऊन वन्सं तटावर उभ्या आहेत, आणि चेहरा मात्र रेशनकार्डावरच्या फोटोला साजेसा गंभीर.

स्प्लिटला इनेस परत फिरणार होती. बंदराच्या बाकावर तिघी बोटीची वाट बघत बसल्या होत्या. वन्संच्या मनात आलं, या पोरीला कुणी आहे की नाही कोण जाणे, हिची ओटी कोण भरणार? ओटीच्या उगमाबद्दल मी ग्रंथालयात बरंच वाचलं आहे. बहुतेक पुरुषांनी लिहिलेलं. त्यात एक गोष्ट सापडत नाही. जी बाई हजारदा रक्तात हात घालून लेकरू ओढून काढते, तीच विधवा झाली की ओटीचं ताट आल्यावर दाराकडे सरकते. वन्सं जवळजवळ तीस वर्षं तशा सरकत आल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागूच नये अशी ती व्यवस्था आहे.

त्या दिवशी सरकायला दार नव्हतं. सॅकमध्ये शिजवायला घेतलेले तांदूळ होते, हळदीची पुडी होती. नारळ मिळेना, म्हणून बाजारातून डाळिंब आणलं. खणाच्या जागी नवा रुमाल. इनेसला कोटाचा घेर पुढे धरायला लावून त्यांनी ओटी भरली. मला सांगताना त्या म्हणाल्या, "हात थरथरंल वाटलं हुतं. न्हाय थरथरला. सुई टोचताना थरथरत न्हाय, तर तांदूळ घालताना कशापायी?"

आणि मग ते घडलं जे त्यांनी योजलं नव्हतं. बार्बाराला वाटलं, निरोप घेताना सगळ्यांनी सगळ्यांना असं द्यायचं असतं. ती उठली, ओंजळभर तांदूळ घेतले आणि वन्संसमोर उभी राहिली. तिला काही ठाऊक नव्हतं. समजावून सांगण्याइतकं इंग्रजी वन्संकडे नव्हतं, आणि असतं तरी... "म्हटलं, ह्या बाईला सांगायचं तरी काय? की तुजा बी नवरा गेलाय, माजा बी गेलाय, म्हणून तांदूळ खाली ठेव?" त्यांनी पदर पसरला. मग त्यांनी बार्बाराची भरली, तिच्या वाऱ्यापावसाच्या जाकिटात. बोट आली तेव्हा तीन देशांच्या तीन बायका तांदूळ सांभाळत उभ्या होत्या.

परत आल्या तेव्हा शेळगावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता. "युरोप दौरा यशस्वी करून मायभूमीत आगमन." वर नेतेमंडळींची रांग, मध्ये हात जोडलेला दत्ता, आणि कोपऱ्यात पासपोर्टवरच्या आकाराच्या वन्सं. समुद्राचं कळल्यापासून आईशी न बोललेला मुलगा आता हार घेऊन उभा होता. दुपारपर्यंत वन्संनी फ्लेक्स उतरवायला लावला आणि गोठ्यातल्या वैरणीवर घातला. ते नेते अजून तिथे पावसापासून कडबा राखत आहेत. त्यांच्या हातून झालेलं एवढं लोकोपयोगी काम मला तरी दुसरं ठाऊक नाही.

पुढच्या महिन्यात स्वातीचं डोहाळजेवण होतं. पहिलटकरीण. मी गेले होते, दाराजवळच्या खुर्चीत. नवरा गेल्यापासून माझी जागाही तीच, आणि मी त्याला वाचायला मिळणारा वेळ म्हणत असे. वन्सं माझ्या शेजारी होत्या. सवाशिणींचं भरून झालं, आणि वन्सं उठल्या. त्या ताटापाशी बसल्या, तांदळात हात घातला. स्वातीच्या आईने ताटावर आडवा हात धरला.

"इहीणबाई, तुमी नका. पोरीचं पहिलंच हाय."

वन्संनी तांदूळ सोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. "तुमची पोर ह्याच हातांनी काढलीया, बावड्याच्या दवाखान्यात. तवा माजं कुंकू जाऊन दोन वर्सं झाली हुती. तवा चालला की ह्यो हात."

स्वातीने मान खाली घातली. तिने पदर पुढेही केला नाही आणि मागेही घेतला नाही. वन्संनी तांदूळ घातले, डाळिंब ठेवलं, आणि येऊन खुर्चीत बसल्या. स्वातीची आई न जेवता गेली. बाळ व्यवस्थित झालं, मुलगी, आई-लेक सुखरूप. हे सांगायची गरज नसावी, पण आपल्याकडे असते.

मी वन्संना एकदा विचारलं होतं, स्वातीच्या मनात काय आहे? त्या म्हणाल्या, "तिचं तिला ठरवू दे. पदर तिचा हाय." त्यानंतर ती सॅक बाळंतपणाच्या पिशवीच्या खुंटीवर गेली. आत तांदळाचा डबा, हळद, चार खण, आणि आमच्याकडे वर्षभर या ना त्या बागेत मिळणारी डाळिंबं. घरातून निघणारी कुठलीही बाई ओटी भरल्याशिवाय जायची नाही, मग ती कुणीही असो. गावातल्या विधवा सुरुवातीला मागच्या दाराने आल्या, नंतर पुढच्या. माझी ओटी तर दर खेपेला. "वहिनी, वाचून झालं आसंल तर उठा," असं म्हणत त्या सॅक काढायच्या. मी कुरकुर करायची, आणि ओढणी धरायची. स्वाती या सगळ्यात कधी हात घालत नसे. चहाच्या कपबशा उचलून आत जायची.

परवा मी शेळगावला गेले. वन्संना जाऊन महिना झाला आता. घरात स्वाती होती, तिची आई नातीला सांभाळायला आली होती. बूट अजून पायरीखाली होते आणि सॅक खुंटीवर. ऋताने वन्संची बातमी कळवल्यापासून मला बार्बाराचे फोटो येतात, ते मी स्वातीला दाखवले. बाई पुन्हा त्याच किनाऱ्याने चालते आहे, या खेपेला एकटी. स्वातीने एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग एसटीची वेळ झाली म्हणून मी उठले. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या घरातून मला नुसतं निघायची सवय राहिली नव्हती, म्हणून उगीच पिशवी चाचपत दारात रेंगाळले.

"मामी, थांबा," स्वाती म्हणाली. तिने खुंटीवरून सॅक काढली, ताट मांडलं, तांदूळ ओतले. तिच्या आईने विचारलं, "नारळ न्हाय का घरात?"

"आत्यांची ओटी डाळिंबाचीच आस्ती," स्वाती म्हणाली.

नात तांदळात हात घालायला धावली तेव्हा स्वातीच्या आईने तिला उचलून कडेवर घेतलं, आणि मोकळ्या हाताने ताट माझ्या बाजूला सरकवलं.

मी ओढणी पसरली. तांदूळ पिशवीत ओतून घेता आले असते. पण मी ओढणीचं टोक मुठीत धरून, डाळिंब मांडीवर ठेवून, बारामतीपर्यंत तशीच बसून आले.