सरबतातल्या चार गोळ्या

मीराताई मुजुमदार स्वभावाने घाबरट, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. शहराजवळच्या बरगीच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की विजय नगरात तिसऱ्या मजल्यावर राहूनही त्या पिण्याचं पाणी भरून ठेवत. यजमान देवदत्त, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, यावर मनसोक्त हसत. पण त्यांच्या पोटात एकच किडनी होती, हे मीराताईंना हसण्यावारी नेता येत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी देवदत्तांच्या धाकट्या बहिणीच्या, पूर्णिमाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा त्यांनी आपली एक तिला दिली होती.

करोनात शेजारचे अविनाशजी चार दिवसांत गेले आणि मीराताईंनी धसका घेतला. व्हिटॅमिन सी घ्या, प्रतिकारशक्ती वाढते, असं तेव्हा जो तो सांगत होता. देवदत्त तर गोळीला हात लावतील तर शपथ. मग मीराताईंनी शक्कल काढली. यजमानांना दोन्ही जेवणांनंतर लिंबाचं सरबत लागे, आणि आंबटात आंबट कुणाला कळतंय? पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी कुटून त्यात पडू लागली. लाट ओसरली, पण गोळी राहिली. हिवाळ्यात एकीच्या दोन झाल्या, पुढे दोन्ही वेळा दोन-दोन. जे फळात असतं त्याने काय बिघडायचंय, अशी बाईंची पक्की समजूत.

या एप्रिलमध्ये देवदत्तांच्या कमरेत कळ आली आणि लघवी बंद झाली. एकुलत्या एका किडनीच्या तोंडाशी खडा अडकला होता. खडा निघाला, किडनी वाचली. पण पुढच्या तपासणीत लघवीत ऑक्झलेट फार जास्त निघालं. खडा त्याचाच बनतो, डॉक्टर गीतांजली म्हणाल्या, आणि काही गोळ्या, पुड्या, चूर्णं घेता का असं त्यांनी विचारलं. देवदत्तांनी छाती फुगवून सांगितलं, एकही नाही. मीराताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग डॉक्टरांना वेगळीच शंका आली. बहिणीच्या किडन्या गेलेल्या, भावाची लघवी अशी. घराण्यातलाच आजार असला तर पूर्णिमाची नवी किडनीही धोक्यात. तिलाही तपासणीला बोलावलं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"वहिनी, दादाने दिलेली पण जाईल काय हो? मला तर झोप नाही येऊन राहिली."

मीराताईंनी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. गोळ्या तर त्यांनी डॉक्टरांनी विचारलं त्याच दिवशी फेकल्या होत्या. गप्प राहिलं तर पुढचा रिपोर्ट आपोआप चांगला येईल, कुणाला कळायचंही नाही. पण तोवर ती पोर रोज मरणाला भिणार, आणि डॉक्टर मुळात नसलेला आजार शोधत बसणार. स्वतःची भीती त्यांनी आयुष्यभर पोसली होती, पण दुसऱ्याच्या अंगावर ती घालायची म्हणजे पाप वाटलं. आणि सांगितलं तर नवरा काय म्हणेल, ही धास्तीही होतीच.

तिघं डॉक्टरांसमोर बसले तेव्हा मीराताई खाली बघूनच बोलल्या.

"मी देऊन राहिली होती. व्हिटॅमिन सी. सरबतात, रोज चार. यांना माहीत नाही."

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण हातचं राखूनही बोलल्या नाहीत. व्हिटॅमिन सी हवंच, जखम भरायला, हिरड्यांना, अन्नातलं लोह अंगी लागायला. पण दिवसाला शंभर मिलिग्रॅमही पुष्कळ, ते एका पेरूत मिळतं. सर्दी त्याने टळत नाही, फार तर एखादा दिवस आधी बरी होते. दोन हजार म्हणजे धडधाकट माणसाचीही शेवटची मर्यादा, आणि जास्तीचं काही ऑक्झलेट होऊन किडनीतून जातं. खडा यानेच झाला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण एका किडनीच्या माणसाला हे विचारल्याशिवाय द्यायचं नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा लघवी तपासू, तोवर पूर्णिमाची तपासणी थांबवू.

पूर्णिमा वहिनीचा हात धरून रडली, सुटल्यासारखी. देवदत्त ऑटोत अख्खा रस्ता बाहेर बघत बसले.

घरी मीराताईंनी साधं पाणी आणून दिलं. देवदत्तांनी ग्लास उजेडात धरला, पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.

"आधी तू पी."

त्यांनी अर्धा ग्लास प्यायला. मग देवदत्तांनी उरलेला घेतला.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट अगदी चांगला आला. देवदत्तांनी पेढे आणले, बहिणीला फोन केला, बायकोशी नेहमीसारखं बोलले. पाण्याचा ग्लास मात्र अजून आधी मीराताईंच्या तोंडाला लागतो.