चालेन आणि चालेल

अमेरिकेतून शिकायला आलेली ती मुलगी काकूंच्या घरी राहायला आली, तेव्हा तिला त्या शहराची भाषा येत होती. म्हणजे पुस्तकात मावते तेवढी येत होती. क्रियापदं तिन्ही काळांत घडाघडा म्हणून दाखवायची. बोलणारी माणसं मात्र पुस्तकाच्या वेगाने बोलत नव्हती, आणि तिथेच सगळी गोची होती. काकूंनी तिचं नाव पहिल्याच दिवशी 'पाहुणी' ठेवलं. पुढे ती घरातली झाली, तिचा पेला ठरला, तिची खुर्ची ठरली, तरी नाव पाहुणीच राहिलं.

तिच्या अभ्यासाचा विषय ऐकून काकू आधी हसल्या होत्या. या शहरातली माणसं पायी कशी चालतात, हा विषय. फुटपाथवर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघायचं, आणि थांबेल त्याला विचारायचं, "कुठे निघालात?" यावरही पदवी मिळते. रस्ते आखणारे लोक असले अभ्यास वाचतात म्हणे. आपल्याकडच्या रस्त्यांवरून तसं वाटत नाही, पण ते असो.

सांगायची गोष्ट वेगळीच आहे. चालण्याचा अभ्यास करायला आलेली ही मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा एकटी जात नव्हती. सोबत वहिनी असायची.

वहिनी म्हणजे काकूंची सून. काकूंचा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्याकाठी घरी यायचा, तोही झोप काढायला. घरात उरल्या या तिघी. काकूंचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात गेलेलं. कोण कुठे आहे आणि कोणाशी बोलतंय हे आपल्याला माहीत असायलाच हवं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. पाहुणीला नुसती शिंक आली तरी गरम पाण्याचं भांडं घेऊन हजर. पण माणसाने किती हजर असावं?

पाहुणीच्या खोलीला कडी नव्हती. कडी कशाला हवी, घरात परकं कोण आहे, असं काकूंचं म्हणणं. घरातल्या चादरींचं कपाट त्याच खोलीत, इस्त्रीचं टेबल त्याच खोलीत, आणि गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे जायची वाटही त्याच खोलीतून. पाहुणी पुस्तक उघडून बसली की कोणी ना कोणी "तू बस गं, मी काही बघत नाही" म्हणत आतून जायचं. पाय दाराकडे वळले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "कुठे निघालीस?" पाणी प्यायला उठलं तरी तोच प्रश्न. सोळाव्या वर्षी स्वतः गाडी चालवत दोन दिवसांचा प्रवास केलेली मुलगी ही. तिचा जीव गुदमरायचा. आईला फोनवर सांगावं तर आई म्हणायची, "किती छान, तुझी काळजी घेणारं कोणीतरी आहे." मग ती विषय बदलायची.

आणि हे सगळं तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं.

त्याचं असं झालं. आल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि वहिनीला म्हणाली, "मी बाहेर जाते." वहिनी फडकं पिळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "चालेल."

आता चालणे म्हणजे पायांनी जाणे, हे पाहुणीला पाठ होतं. मी चालेन, ती चालेल. नव्या कानाला न आणि ल सारखेच. तिने ऐकलं, "चालेन." तिला वाटलं, ही म्हणतेय, मी पण येते. केवढी भली बाई! पाहुणी बूट घालून दारात उभी राहिली. वाट बघत राहिली. वहिनी फडकं वाळत घालून आली, तरी ही उभीच. काकूंनी विचारलं, "का गं, निघत का नाहीस?" पाहुणी वहिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "वहिनी चालेन."

काकूंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा पाहुणीकडे. "अगं, घाबरतेय ती एकटी जायला. जा की तिच्याबरोबर. परक्या देशातलं पोर ते."

वहिनीने कपाटावरून चपला काढल्या. त्यांच्यावर धूळ होती.

तो दिवस आणि पुढचे सगळे दिवस. पाहुणी एकटी जायला घाबरते, ही बातमी काकूंनी वॉचमनला सांगितली, दुकानदाराला सांगितली, खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईला सांगितली. नंतर एकदा पाहुणी हळूच एकटी सटकली, तर कोपऱ्यावर पोहोचायच्या आत तिघांनी तिला "वहिनी कुठे?" विचारलं आणि दुकानदाराने वर फोन लावला. नाकीनऊ आले. 'मी घाबरत नाही' हे वाक्य तिने चार प्रकारांनी म्हणून पाहिलं. काकू पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "लाजायचं काय त्यात?"

विद्यापीठात भाषा शिकवणाऱ्या बाईंनी एके दिवशी फळ्यावर चालेन आणि चालेल शेजारी शेजारी लिहिलं, आणि चालेल म्हणजे 'हरकत नाही' असंही असतं हे सांगितलं, तेव्हा पाहुणी वर्गात मोठ्याने हसली आणि मग तिला रडू यायला लागलं. वर्ग सुटेपर्यंत फाटकाशी थांबलेल्या वहिनीबरोबर घरी परतताना तिने जिन्यातच तिला सगळं सांगितलं. तिला वाटलं, वहिनीही हसेल. वहिनी कठड्याला हात लावून उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग तुम्ही का आलात?"

"तू उभी होतीस ना दारात." वहिनीने वरच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईंना सांगू नकोस हं."

वहिनी काकूंना आई म्हणायची. पाहुणीने नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून तिने वहिनीकडे नीट बघायला सुरुवात केली. वहिनी रस्त्याला लागली की तिची चाल बदलायची. घरात पाय न वाजवता वावरणारी ही बाई फुटपाथवर ऐसपैस पावलं टाकायची. पाहुणी कोपऱ्यावर उभी राहून लोकांना प्रश्न विचारायची, तेवढ्या वेळात वहिनी फुलझाडांच्या दुकानापर्यंत जाऊन यायची. काहीही विकत न घेता. एकदा नुसता पूल बघून आली. परतताना चेहरा असा, जणू कोणी तिचं कौतुक केलंय.

आणि अभ्यासातही पाहुणीला एक गोष्ट खटकत होती. "कुठे निघालात?" विचारलं की पुरुष सांगायचे, कामाला, बँकेत, किंवा हात हलवून म्हणायचे, "असंच, पाय मोकळे करायला." बायका असंच कधीच म्हणायच्या नाहीत. प्रत्येकीकडे कारण तयार. मुलाला आणायला, दूध आणायला, औषध आणायला. एकीच्या हातात तर रिकामी पिशवी होती, आणि ती पिशवी वर करून दाखवत होती.

"हे सकाळचं झालं," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "संध्याकाळचं काय? लोक कारणाशिवाय फिरतात ते संध्याकाळी. संध्याकाळ नसेल, तर हा अभ्यास मी मान्य करू शकत नाही. वर्ष फुकट जाईल तुमचं."

संध्याकाळ! दिवे लागायच्या आत घरात, हा काकूंचा नियम. शिवाय वहिनीला संध्याकाळी स्वयंपाक. पाहुणीने विनवून पाहिलं, काकूंनी खिडकीतून रस्ता दाखवला. "इथून बघ की, हवे तेवढे लोक." खिडकीतून दिसायची समोरच्या घराची पाण्याची टाकी.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या हॉस्टेलवर एक खोली रिकामी झाली. कडी असलेली. हॉस्टेलच्या मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत कळव, मग दुसरीला देईन. पाहुणीला त्या रात्री आनंदाने झोप लागेना. कडी आतून लावायची, नुसतं पडून राहायचं, आणि संध्याकाळी कोणालाही न सांगता उठून चालू पडायचं! वर्ष वाचणार होतं, आणि जीवही.

दुसऱ्या दिवशी चालता चालता तिने वहिनीला सांगितलं. खोली कशी आहे, खिडकी कुठे आहे, सगळं एका दमात सांगून झाल्यावर विचारलं, "मी गेले तर चालेल ना?"

वहिनी थांबली. चपलेचा पट्टा घट्टच होता, तरी वाकून तो तिने पुन्हा घट्ट केला. वाकलेली असतानाच म्हणाली, "चालेल."

एव्हाना पाहुणीचा कान तयार झाला होता. तिला न आणि ल कळत होते, आणि त्यापलीकडचंही कळायला लागलं होतं. 'चालेल की!' वेगळं, 'हां, चालेल' वेगळं, आणि हे जे जमिनीकडे बघून म्हणतात ते चालेल तर साफच वेगळं. ही बाई उद्यापासून दारात कोणासाठी येणार? कोणासाठी चपला काढणार? आपली सुटका म्हणजे हिच्या दाराला कडी, हे पाहुणीला त्या फुटपाथवर उभ्या उभ्या कळलं, आणि तिला वहिनीचा राग आला. हो, राग. तिने का सांभाळायचं हे? ती शिकायला आली होती.

शुक्रवार उजाडला. जेवताना काकूंनीच विषय काढला. हॉस्टेलची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, पोहोचणारच. "जाणार म्हणे तू?"

पाहुणीने भाताकडे पाहिलं. वहिनी वाढत होती, तिचा हात पातेल्यातच राहिला होता. आणि पाहुणी बोलून गेली, "नाही जात. मला... मला एकटीला भीती वाटते."

अख्ख्या वर्षात तिने इतकं स्वच्छ, इतकं बिनचूक वाक्य म्हटलं नव्हतं. लाजेने तिचे कान तापले. काकू खूश झाल्या. "मी म्हणत नव्हते? राहा इथेच. काही हरकत नाही."

"नाही चालणार," वहिनी म्हणाली.

काकूंना वाटलं, भाताबद्दल बोलतेय. "काय नाही चालणार?"

"खोटं बोलतेय ती. ती कधीच घाबरत नव्हती. मला बाहेर जायला मिळतं म्हणून थांबतेय. मला नाही चालणार ते." अडखळत का होईना, वहिनीने वाक्य पुरं केलं.

काकूंनी हातातला घास ताटात ठेवला. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. "म्हणजे? तुला धरून ठेवलं होतं का मी? दाराला कुलूप होतं?"

"नव्हतं."

"कधी नको म्हटलं तुला?"

"नाही म्हटलंत."

"मग जायचं होतंस!"

"तुम्ही 'कुठे' विचारता, आई," वहिनी म्हणाली. "मला कुठेच जायचं नसतं. नुसतं जायचं असतं."

काकूंनी यावर खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून केला. मग म्हणाल्या, "कुठेच जायचं नाही, तर जायचं कशाला?" त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना कळतच नव्हतं. आयुष्यात त्यांनी एकही फोन कुठेतरी जोडल्याशिवाय सोडला नव्हता. वहिनीने पातेलं उचललं आणि आत नेलं. पाहुणीने त्याच दुपारी हॉस्टेलच्या मॅडमना कळवलं.

निघताना उन्हं कलली होती. काकूंनी डब्यात खायला भरून दिलं, दोनदा पापे घेतले, डोळे पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "पोहोचवून ये तिला. लवकर ये, भात टाकायचाय." वहिनीने एक बॅग उचलली. दोघी नेहमीच्या रस्त्याने गेल्या, फुलझाडांचं दुकान, पूल, विद्यापीठाची भिंत. हॉस्टेलच्या फाटकाशी वहिनीने बॅग खाली ठेवली, पाहुणीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "कडी लावून झोप हं." दोघी हसल्या.

खोली वरच्या मजल्यावर होती. पाहुणी धावतच वर गेली, बॅग टाकली आणि कडीही न लावता खिडकीशी आली. वहिनी अजून फाटकापाशीच होती. उजवीकडे घर. या रस्त्याने ती कधी एकटी परतली नव्हती. रस्त्यावरचे दिवे लागले. तिने पदराशी काहीतरी चाळा केला, उजवीकडे दोन पावलं टाकली, थांबली. मग वळली आणि डावीकडे चालू लागली. डावीकडे काय आहे हे पाहुणीलाही माहीत नव्हतं. गर्दीत तिची ऐसपैस चाल बराच वेळ ओळखू येत होती.

फोन वाजला. काकू.

"पोहोचलीस?"

"पोहोचले, काकू."

"आणि ही कुठाय? अजून आली नाही. अंधार पडला."

"चालतेय, काकू."

"चालतंय काय चालतंय! भात टाकायचाय, मी विचारतेय ती कुठे आहे."

"चालतंय नाही, काकू. चालतेय. वहिनी. पायांनी."

पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकूंनी विचारलं, आणि या वेळी आवाज स्वयंपाकघरातून येतो तसा नव्हता, "कुठे निघालीये गं?"

वर्षभर हाच प्रश्न विचारत रस्त्यावर उभी राहिलेली मुलगी काचेला कपाळ टेकून खाली बघत होती. वहिनी आता दिसत नव्हती.

"ते मी विचारलं नाही," ती म्हणाली.