आत्याच्या स्क्रीनवरची गावं

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. हे काही मी कौतुकानं सांगत नाही. पोटासाठी मी स्क्रीनच आखते. सांगलीत घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी बटणं कुठं ठेवायची, त्यांचे कोपरे किती गोल करायचे, दोन ओळींत मोकळी जागा किती सोडायची, हे ठरवते. त्यामुळे लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी अक्षरं नीट बसलीत का ते बघते, लग्न कुणाचं आहे ते नंतर. आईच्या मते हा रोग आहे आणि तिचं फारसं चुकत नाही.

माझी आत्या जतला टँकरच्या एका कंत्राटदाराचं ऑफिस सांभाळते. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पाण्याच्या खेपा जातात. कुठल्या वस्तीवर कुठल्या दिवशी खेप जायची, हे सगळं तिच्या हातात. गेल्या उन्हाळ्यात तिचा कॉम्प्युटर फारच रडतखडत चालायला लागला, म्हणून तो बघायला मी दोन-तीन दिवस तिच्याकडे गेले.

स्क्रीन उघडली आणि मला कसंतरीच झालं. फायलीच फायली. कुठं चार एकमेकींना चिकटलेल्या, कुठं एकच कोपऱ्यात रुसून बसलेली, मध्ये भली मोठी रिकामी जागा. नावंही तशीच. खालची वस्ती, मग खालची वस्ती कंसात दोन, कंसात तीन, असं थेट पाचापर्यंत. ज्या गावाला जावं तिथं एक खालची वस्ती असतेच, पण म्हणून फायलींची नावं अशी ठेवायची?

दुपारी आत्या आतल्या खोलीत डबा खायला गेली. तोवर मशीन साफ झालं होतं, चांगलं पळतही होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला स्वस्थ बसवेना. मी ऑटो अरेंज दाबलं. फायली नावाच्या क्रमानं ओळीत उभ्या राहिल्या. आयकॉन बारीक केले, मागं हलका मातकट रंग दिला. मग ती ओळसुद्धा डोळ्यांत खुपायला लागली, म्हणून सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये ढकलल्या. स्क्रीन इतकी छान दिसायला लागली की मी मोबाईलवर तिचा फोटो काढला. आधीचा काढला नव्हता.

आत्या पदराला हात पुसत आली. वाकून स्क्रीन बघितली. मग लय देखणं झालंय म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी सकाळी मी ऑफिसातच होते तेव्हा फोन आला. कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावाची खालची वस्ती. दर तीन दिवसांनी खेप ठरलेली, ती काल यायची होती, आलीच नाही. आत्यानं फोल्डर उघडला, एक खालची वस्ती बघितली, दुसरी बघितली, आणि तिचा चेहरा उतरला. काल तिनं टँकर दुसऱ्याच गावाच्या खालच्या वस्तीवर पाठवला होता. तिथं परवाच खेप होऊन गेली होती.

मी वैतागले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फायलीला गावाचं नाव का देत नाहीस, असं मी जरा जोरातच विचारलं.

"गावाचं नाव कशाला पायजे?" ती म्हणाली. "फाईल जितं ठेवली तितं गाव. वर डाव्या अंगाला कवठे महांकाळची बाजू. उजवीकडं कर्नाटक. मधी मोकळं हुतं न्हवं, तितं आपुन टँकर भरतो. ड्रायव्हरचा फोन आला की मी नुसतं बगून सांगायची, हिकडनं जा, वाटंत ही वस्ती कर."

तिनं त्या काचेवर अख्खा तालुका मांडला होता आणि मी तो एका दाबात पुसून टाकला होता. ऑटो अरेंज केल्यावर जुन्या जागा परत मिळत नाहीत. हे मला माहीत होतं, पोटापाण्याचा धंदाच माझा तो. मग त्याच दिवशी का बोलली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "तू एवढं हौसेनं केलंस."

आत्याची एक रीत आहे. खेप चुकली की फोनवर सांगून सुटायचं नाही, स्वतः जाऊन सांगायचं. टँकर भरायला लावला आणि आम्ही दोघी गाडीवर पुढं निघालो. ऊन मरणाचं. सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की चूक माझी आहे हे मीच सांगायचं.

वस्तीवर रस्त्याकडेला बॅरल मांडून ठेवले होते, सगळे कोरडे. पहिल्याच घरातून एक म्हातारी बाहेर आली. ओरडेल असं वाटलं होतं. तिनं घोंगडं अंथरलं आणि आम्हाला बसवलं. दारातून मला आतलं दिसत होतं. तिनं हंडा पार आडवा केला, वाटीनं तळातलं पाणी काढून तांब्यात घेतलं, आणि गुळाचा खडा घेऊन आली.

मी राहू द्या म्हणाले.

"उनातनं आलायसा," ती म्हणाली. "दारात आलेल्याला पाणी न्हाई म्हनायचं व्हय?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. न घेणं म्हणजे त्या घराचा अपमान. मी तांब्या हातात घेतला. तेवढ्यात आत्या म्हातारीला म्हणाली, "आवं, माजीच चूक झाली. वस्तीत वस्ती घातली मी." म्हातारीनं मान हलवली, चालायचंच म्हणाली, टँकर निघालाय ना एवढंच विचारलं.

मी पाणी प्यायले. कोमट होतं, पण घशाला गार वाटलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. तांब्या खाली ठेवून, चूक माझी होती असं सांगायला मी तोंड उघडलं.

"अजून घालू का गं, पोरी?" म्हातारीनं विचारलं.